किक दुरुस्त करताय? मग ऑइल पंप बघितल्याशिवाय साईड कव्हर लावू देऊ नका



आज डाळिंबाबद्दल नाही, ज्वारीबद्दल नाही, गाडीबद्दल लिहितो. गाडी म्हणजे शोरूमच्या काचेत उभी असते ती नव्हे. आपली. मागं दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या, टाकीवर खताची पिशवी, हँडलला डब्याची थैली आणि सीटवर कधी वैरणीची पेंढी तर कधी फवारणीचा पंप. शंभर सीसीची, दहा-बारा वर्षं जुनी, मीटरची केबल कधीच तुटलेली.

माझं मत सरळ आहे. ही गाडी वाहन नाही, औजार आहे. आपण तिची सर्व्हिस मात्र वाहनासारखी करतो, आणि तीही पुस्तकातल्या किलोमीटरवर. म्हणून आपल्याकडच्या गाड्यांची इंजिनं वेळेआधी बसतात. मिस्त्रीला, कंपनीला, नशिबाला बोल लावायच्या आधी दोन गोष्टी बदलल्या तरी निम्मी इंजिन कामं टळतील असं मला वाटतं. एक, ऑइल किलोमीटरवर नाही तर कामावर बदला. दोन, किकच्या कामासाठी इंजिनाचं उजवं साईड कव्हर उघडलंच, तर ऑइल पंप, जाळी आणि गाळ साठायची वाटी बघितल्याशिवाय ते परत लावू देऊ नका.

आता हे का, ते सविस्तर सांगतो.

आपण ऑइल विसरायला कधी शिकलो

जुन्या माणसांना विचारा. १९७२ साली लुना आली, राजदूत तर गावोगाव होती. या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोल भरलं की त्यात ऑइल मिसळायचं. नाही मिसळलं तर पिस्टन धरायचा, गाडी जागेवर थांबायची. त्यामुळं ऑइलची आठवण दर टाकीला व्हायची. १९८५ ला यामाहाची आरएक्स १०० आली, तिला ऑइलची वेगळी टाकी आणि वेगळा पंप होता. मिसळायचं काम पंपानं घेतलं, पण टाकी भरायची आठवण तरी राहिली.

त्याच १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. जाहिरात पेट्रोलच्या अॅव्हरेजची होती आणि त्यात खोटं काही नव्हतं. आपण मात्र पेट्रोलबरोबर ऑइलही विसरलो. १९९४ ला स्प्लेंडर आली आणि वाडी-वस्तीवर हीच जात रुजली. पुढं २०१५ ला टीव्हीएसची एक्सएल १०० सुद्धा फोर-स्ट्रोक होऊन आली.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल इंजिनाच्या पोटात असतं. साधारण एक लिटरच्या आसपास. तेच ऑइल पिस्टनला, क्रँकला, गियरला, क्लचला आणि वर हेडमधल्या कॅमला. दिसत नाही, आणि बहुतेक शंभर सीसी गाड्यांना ऑइल कमी झाल्याचा लाल दिवाही नसतो. म्हणजे टू-स्ट्रोक ओरडून सांगायची, फोर-स्ट्रोक गप्प राहून खर्च काढते.

मीटरचे किलोमीटर आणि इंजिनाचे किलोमीटर

ट्रॅक्टरचं ऑइल आपण कशावर बदलतो? तासावर. ट्रॅक्टर किती किलोमीटर गेला हे कुणी विचारत नाही. मग गाडीला वेगळा न्याय कशाला?

साधं गणित मांडतो. शंभर सीसीच्या चार गियरच्या गाडीत पहिल्या गियरमध्ये तेवढंच अंतर कापायला इंजिन टॉप गियरच्या साधारण सव्वातीन पट फिरतं. दुसऱ्या गियरमध्ये पावणेदोन पट. आता आपला रोजचा फेरा धरा बारा किलोमीटरचा. त्यातले पाच डांबरी रस्त्यावर टॉपमध्ये, चार पाणंदीतून दुसऱ्यात, तीन बांधावरून आणि चारीच्या कडेनं पहिल्यात. इंजिनाच्या हिशोबानं पाच अधिक सात अधिक दहा, म्हणजे बावीस किलोमीटर झाले. मीटरवर बारा.

असे वर्षात २५० दिवस धरले तर मीटरवर तीन हजार आणि इंजिनाचे साडेपाच हजार. त्यात किटल्यांचं वजन, डेअरीपुढं चालू ठेवलेली गाडी आणि मे महिन्यातलं सोलापूरचं चाळीसच्या वरचं ऊन धरलेलंच नाही. टॉप गियरमध्ये पळणाऱ्या गाडीला वारा लागतो, इंजिन थंड होतं. पाणंदीत पहिल्यात रांगणाऱ्या गाडीला तोही लागत नाही. ऑइल तिथं भाजून निघतं.

वरून आपली माती. मंगळवेढ्याकडची काळी असो नाहीतर सांगोल्याकडची मुरमाड, उन्हाळ्यात तिचं पीठ होतं. ऊस वाहतूक सुरू झाली की कच्च्या रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा असतो. एअर फिल्टर बुजलेला किंवा फाटलेला असेल तर हीच धूळ सिलिंडरमधून ऑइलात उतरते. धूळमिसळलं ऑइल म्हणजे पॉलिश पेपरचं पाणी. जिथं जाईल तिथं घासत जाईल.

ऑइल पंप नेमकं करतो काय

पंप मोठा नसतो, तळहातावर मावतो. आत दोन चकत्या. आतली पाकळ्यांची, बाहेरची त्या पाकळ्या बसतील अशा खाचांची, आणि तिला आतल्या चकतीपेक्षा एक खाच जास्त. क्रँकच्या जोरावर आतली फिरते, ती बाहेरचीला फिरवते, दोघींच्या मधली जागा मोठी-लहान होत जाते. जागा मोठी होताना ऑइल ओढलं जातं, लहान होताना पुढं ढकललं जातं. व्हॉल्व्ह नाही, पट्टा नाही. इतकं साधं यंत्र सहसा बिघडत नाही. बिघडतं ते त्याला मिळणारं ऑइल.

पंपाच्या आधी तळाला एक जाळी असते. आपल्या विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हसारखी. शिवाय बऱ्याच शंभर सीसी गाड्यांत क्रँकच्या टोकाला एक गोल वाटी असते. ती क्रँकबरोबर गरगर फिरते, ऑइलातला जड गाळ कडेला फेकला जाऊन तिथंच चिकटतो. म्हणजे हा फिल्टरच, पण कागदाचा नाही. ऑइल बदलताना तो आपोआप साफ होत नाही, कव्हर उघडून पुसावा लागतो. इथंच आपली गफलत होते. खालचा नट काढला, काळं ऑइल सोडलं, नवं भरलं, की सर्व्हिस झाली असं आपण धरतो. गाळ आतच राहतो.

ड्रीपवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. जाळी फिल्टर आपण आठवड्याला धुतो, लॅटरलची टोकं सोडून फ्लश मारतो, कारण एक ड्रीपर बुजला तर एक झाड वाळतं. तोच माणूस गाडीची जाळी दहा वर्षं बघत नाही.

आणि ऑइल कमी पडलं तर पहिला मार कुणाला? हेडला. पंपापासून सगळ्यात लांब आणि सगळ्यात वर कॅम आणि रॉकर. उजनीच्या कालव्यावर टेलला जमीन असणाऱ्याला हे लगेच कळेल. चारीत गाळ साचला की वरच्याला पाणी मिळतंच, टेलवाला कोरडा राहतो. हेड म्हणजे इंजिनातला टेलचा शेतकरी.

किकचा इथं काय संबंध

संबंध असा की बऱ्याच गाड्यांत किकची स्प्रिंग, क्लच, गाळाची वाटी, जाळी आणि ऑइल पंप हे सगळं एकाच उजव्या कव्हरच्या आत असतं. किकसाठी ते कव्हर कधीतरी उघडतंच. पंपासाठी म्हणून कुणी मुद्दाम उघडत नाही.

आमच्या शिवारातल्या एका दूधवाल्याचं सांगतो. पहाटे दोन वस्त्यांचं दूध गोळा करून डेअरीला घालायचं, संध्याकाळी परत. किकचं पेडल खाली गेलं की वर येईना. मिस्त्रीनं कव्हर उघडलं, तुटलेली स्प्रिंग बदलली, नवं पॅकिंग टाकलं, कव्हर बंद, दोन तासांत गाडी हातात. काम चोख. अडीच महिन्यांनी हेडमधून टकटक सुरू झाली. उघडलं तर कॅम आणि रॉकर खाल्लेले, आणि तळाची जाळी काळ्या गाळानं निम्म्याच्या वर बुजलेली. खर्च हजारांत गेला. गाडी आठवडाभर गॅरेजला, तोवर दूध दुसऱ्याच्या गाडीवर, लिटरमागं पैसे देऊन. ज्या दिवशी स्प्रिंग बदलली त्या दिवशी ती जाळी मिस्त्रीच्या हातापासून वीतभर लांब होती. मिस्त्रीला किकचं काम सांगितलं होतं, त्यानं किकचं केलं. जाळी बघ म्हणून सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणून म्हणतो, सांगणारे आपण व्हा.

कव्हर उघडण्याआधी किकचा रोग ओळखा

प्रत्येक किकच्या तक्रारीला इंजिन उघडावं लागत नाही. आधी हे बघा.

पेडल हलतं पण शाफ्ट फिरत नाही: पेडलच्या आतले दाते गेले. बाहेरचं काम. बोल्ट ढिला असेल तर आवळा, दाते झिजले असतील तर पेडल बदला. ढिल्या बोल्टवर किक मारत राहिलात तर शाफ्टचेही दाते जातील आणि मग खर्च वाढेल.

पेडल खाली जाऊन वर येत नाही: स्प्रिंग तुटली किंवा निसटली. कव्हर उघडावं लागेल.

पेडल मध्येच कडकड करून सटकतं: आतलं रॅचेट किंवा गियर झिजलंय. काही मॉडेलमध्ये तिथवर जायला इंजिन पूर्ण फोडावं लागतं. आधी विचारून, खर्च समजून मगच काम द्या.

किक एकदम हलकी लागते, इंजिन फिरतंय असं वाटत नाही: ज्या गाडीला न्यूट्रलमध्येच किक बसते, तिच्यात किकचा जोर क्लच प्लेटांतून क्रँकला जातो. प्लेटा घसरत असतील तर किकही घसरते. चढाला इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, हेही सोबत असेल तर क्लच बघा. कारचं ऑइल टाकलं असेल तरी असं होऊ शकतं. मोटारसायकलचा क्लच ऑइलात बुडलेला असतो, त्याला डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलंच ऑइल लागतं.

इंजिन फिरतं पण दाब लागत नाही: व्हॉल्व्ह किंवा रिंगचं दुखणं. किकचा दोष नाही.

कव्हर उघडलंच, तर समोर थांबून एवढं करून घ्या

१. कव्हरचे बोल्ट लहान-मोठे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी बोल्ट टोचून ठेवायला सांगा. लांब बोल्ट आखूड जागी गेला की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच.

२. तळाची जाळी बाहेर काढून पेट्रोलनं धुवा. विडी-सिगारेट लांब.

३. क्रँकच्या टोकाची वाटी उघडून आतला काळा लगदा फडक्यानं पुसून काढा. तो बोटावर घेऊन उन्हात बघा. नुसता काळा असेल तर ठीक. चांदीसारखी किंवा पितळेसारखी चमक दिसली तर आत काहीतरी घासतंय.

४. पंप काढून उघडा. चकत्यांवर नखाला लागतील असे खोल ओरखडे आहेत का, बघा. फीलर गेज असेल तर चकत्यांमधली फट मोजा. ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असायला हवी. पाव मिलिमीटरच्या पुढं गेली असेल तर पंप बदललेला बरा. नेमकं माप त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, त्यावरच जा.

५. लावताना पंपात ताजं ऑइल भरून लावा. कोरडा पंप ओढायला वेळ घेतो, जशी कोरडी मोटर पाणी धरत नाही. पॅकिंग आणि ओ-रिंग नवीनच टाका. जुन्या पॅकिंगवर चिकटद्रव्य फासून भागवू नका, त्याचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत अडकतो.

६. आता किकचा खरा उपयोग. ऑइल भरलं, चावी बंद, प्लग काढलेला. सावकाश पंधरा-वीस किका मारा. क्रँक फिरतो तसा पंप फिरतो. किक म्हणजे ऑइल पंपाचा हापसा. आग न लागता ऑइल वाटेला लागतं. मग प्लग लावून गाडी चालू करा, मंद ठेवा, आणि टॅपेटचं झाकण उघडून वर ऑइल पोचलं का बघा. रॉकर ओला दिसेपर्यंत रेस करायची नाही. मिनिटभरात ओला झाला नाही तर गाडी बंद.

हा सगळा वाढीव वेळ तासाभराचा. मिस्त्रीला त्याचे वेगळे पैसे द्या, आनंदानं द्या. फुकटात करून मागितलं की काम उरकलं जातं.

सेल्फ आहे, मग किक कशाला?

हा प्रश्न तरणी पोरं विचारतात. त्यांचंही बरोबर आहे, बटण दाबलं की काम होतं. पण घर ते गोठा, गोठा ते विहीर अशा छोट्या फेऱ्यांत बॅटरी जेवढी खर्च होते तेवढी भरत नाही. रात्रीची लाईट आहे, दोन वाजता मोटर चालू करायला निघालात आणि सेल्फ टकटक करून गप्प झाला, तर किकच उपयोगी पडते. वस्तीवर कुणाला पान लागलं, बाळंतपण अडलं, तर रुग्णवाहिका पाणंदीच्या तोंडापर्यंत येईल. तिथवर माणूस न्यायचा आहे तो याच गाडीवर.

एक मात्र ध्यानात ठेवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बऱ्याच गाड्यांना कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्यात पेट्रोलच्या पंपाला आणि इंजेक्टरला करंट लागतो. बॅटरी पार मेली असेल तर किकही कामाची नाही. काही मॉडेलना तर किकच नाही. शेतासाठी गाडी घेताना किकवाली घ्या आणि बॅटरी सांभाळा, असं माझं मत. आणि रोज सकाळची पहिली चालू किकनंच करा. किकचा सांधा हलता राहतो, बॅटरी वाचते, आणि पायाला कळतं इंजिन आज कसं आहे. जड लागतंय की हलकं, दाब आहे की नाही. बैल उठताना कसा उठतो त्यावरून त्याची तब्येत कळायची, तसंच.

ऑइलचं वेळापत्रक सणांवर बांधा

मीटर बंद आहे, किलोमीटर लक्षात राहत नाहीत. सण मात्र कुणी विसरत नाही. म्हणून माझा हिशोब असा.

मृगाच्या आधी एकदा. उन्हाळ्याची धूळ आणि भाजलेलं ऑइल बाहेर.

खंडेनवमीला दुसऱ्यांदा. त्या दिवशी आपण औजारं धुतो, पूजतो, गाडीला झेंडूचा हार घालतो. हार घालायच्या आधी ऑइल बदला. पावसात चारी-ओढ्यातून गेलेल्या गाडीत पाणी शिरलं असेल तर तेही त्यात कळतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की पाणी शिरलंच समजा, मग सणाची वाट बघू नका.

संक्रांतीला तिसऱ्यांदा.

दूधवाले, भाजीवाले आणि रोज चार गावं फिरणारे कृषी सहायक यांनी हे दर दोन महिन्यांनी करावं. मधल्या काळात दर रविवारी गेज बघा. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला, दोन-तीन मिनिटं चालू करून बंद, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. गेज पुसून आत सोडा. होंडा जातीच्या इंजिनात तो आटे न आवळता नुसता टेकवून बघायचा असतो. खालच्या खुणेला आलं तर भर घाला, वरच्या खुणेच्या पुढं भरू नका.

ग्रेड गाडीच्या पुस्तकात आहे तीच. जाड ऑइल टाकलं की इंजिनाचा आवाज कमी होतो म्हणून काहीजण टाकतात. आवाज कमी होतो हे खरं, पण थंडीच्या पहाटे ते हेडला पोचायला वेळ लावतं. रिकामा डबा फेकताना कापून फेका, नाहीतर तोच डबा कुणीतरी परत भरून विकतं. आणि जळकं ऑइल बांधावर, विहिरीकडेला ओतू नका. कॅनमध्ये साठवून गॅरेजला द्या. ज्या मातीत आपण जिवामृत सोडतो त्याच मातीत हे विष कशाला?

आता पैशाचं. ऑइल वर्षातून तीनदा बदललं तरी होणारा खर्च एका इंजिन कामाच्या जवळपासही जात नाही. आपण गाडीचा खर्च शेताच्या वहीत लिहीत नाही, घरखर्चात घालतो, म्हणून तो दिसत नाही. यंदा वहीत गाडीचं एक पान करा. ऑइल कधी बदललं, कव्हर कधी उघडलं, जाळीत काय निघालं, एवढंच लिहा. पुढच्या वेळी मिस्त्रीपुढं उभं राहाल तेव्हा ते पान बरोबर न्या.

पटलं तर आपल्या डेअरीवरच्या दूधवाल्याला आणि गावातल्या मिस्त्रीलाही वाचून दाखवा. आणि तो “कव्हर लावू का?” म्हणाला, की आधी जाळी दाखव म्हणा.